नमस्कार म्हणताच दाबलेलं बटण

त्या बुधवारी सव्वाअकरा वाजता मी यादी उघडली तेव्हा चौदापैकी अकरा नावांपुढे ‘उत्तर नाही’ असं आलेलं होतं. सातवं नाव माझ्या बाबांचं होतं.

यादी डायलिसिसची होती. एका ट्रस्टच्या केंद्रात सात यंत्रं आहेत. सकाळी एक पाळी, दुपारी एक, म्हणजे दिवसाला चौदा माणसं. बाबांचे वार सोमवार आणि गुरुवार. आदल्या दिवशी सकाळी दहापासून केंद्राचा फोन प्रत्येक पेशंटला आपोआप जातो. उद्या येणार असाल तर एक दाबा, येणार नसाल तर दोन दाबा. दुपारी चारला यादी बंद होते आणि ज्याची नोंद नाही त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला मिळते. ती माणसं रामटेकच्या, त्याच्याही पलीकडच्या गावांतली असतात. सकाळी सातला नागपुरात पोचायचं तर त्यांना निरोप आदल्या दुपारीच मिळावा लागतो. म्हणून चार म्हणजे चार. बाबांचा गुरुवार हुकला असता तर सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत त्यांचं रक्त धुतलं जाणार नव्हतं. त्यांच्या अंगात साचणारं पाणी बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

आणि ही फोनची सगळी व्यवस्था मी बसवली होती.

सक्करदऱ्याला हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. आम्ही मिहान औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसांना इंटरनेटवरचे फोन जोडून देतो. तांत्रिक कामाला मी आणि एक काका. काकांची अर्धी हयात टेलिफोनच्या खांबांवर गेली आहे. केंद्राचं काम मी मालकाकडे हट्टाने मागून घेतलं, कारण त्याआधी तिथे वही होती आणि वही ट्रस्टच्या सचिवांच्या हातात होती. वरून फोन आला की वहीत एक नाव चढायचं आणि एक नाव उतरायचं. उतरणाऱ्यांत बाबा दोनदा होते. दुसऱ्या वेळी मी केंद्राच्या दारात उभं राहून पत्रक वाटलं.

पत्रक काढणं मला कठीण नव्हतं, मी पत्रकांवरच वाढले. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. मालकाची लग्नपत्रिकांची कामं संपली की उरलेल्या शाईत वस्तीची पत्रकं निघायची. पाणी का येत नाही, शिष्यवृत्ती कुठे अडकली, वसतिगृहाच्या जेवणात काय सापडलं. माझी अक्षरओळख त्यांवर झाली. विहाराच्या फाटकात गठ्ठा घेऊन उभं राहायचं काम माझं. आजोबांनी याच शहरात धर्म बदलला होता, आणि बाबांच्या मते तेव्हापासून आमच्या घरात कुणापुढे हात जोडून काही मागायची सोय उरली नव्हती. मागायचं ते छापून मागायचं. बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर एक ओळ ठरलेली असायची: पूर्ण वाचल्याशिवाय टाकू नका. कुणी अर्धवट वाचून घडी घातली की बाबा त्याच्यामागे चार पावलं जायचे. म्हणायचे, “खालचं वाचा ना गा. खरी गोष्ट खालीच आहे.”

माझ्या पत्रकात खरी गोष्ट ही होती: नोंद फक्त बटणाने होईल, माणसाचा हात लागणार नाही. ट्रस्टने ते मान्य केलं. वही बंद झाली. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं.

नाही, अगदी सुरळीत नाही. पहिल्या आठवड्यात एक घोळ झाला होता आणि त्या घोळामुळेच मी बुधवारी चुकीच्या वाटेने गेले, म्हणून तो सांगते.

फोनचं बटण दाबलं की एक बारीक सूर वाजतो. खरं तर ते दोन सूर असतात, एकात एक मिसळलेले. पलीकडचं यंत्र ते ओळखून एक, दोन, तीन ठरवतं. जुन्या तारेच्या फोनवर सूर जसाच्या तसा पोचायचा. इंटरनेटवर आवाज आवळून पाठवतात. माणसाचं बोलणं त्यातून निभावतं, हा सूर मात्र चेपून जातो. म्हणून बटणाचा आकडा आवाजाच्या सोबत वेगळ्या पाकिटातून पाठवायची पद्धत आहे. अट एवढीच, की दोन्ही टोकांनी ती पद्धत आधी कबूल केलेली पाहिजे. एक टोक पाकिटाची वाट पाहत बसलं आणि दुसऱ्याने आकडा आवाजातच कोंबून पाठवला, तर माणसाच्या कानाला सूर ऐकू येतो आणि यंत्र बहिरं राहतं. पहिल्या आठवड्यात एका मोबाइल कंपनीच्या फोनांचं असंच झालं होतं. मी दोन तासांत शोधून दुरुस्त केलं आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान वाटला होता.

त्यामुळे अकरा ‘उत्तर नाही’ दिसल्याबरोबर मी ठरवून टाकलं की तोच आजार उलटला आहे.

आधी घरी फोन लावला.

“बाबा, सकाळी केंद्राचा फोन आला होता?”

“आला ना. साडेदहाले आला.”

“एक दाबलं?”

“दाबलं अन् ठेवला. काहून वं?”

“काही नाही. तपासून राहिली.”

“नोंद नाही झाली का?”

मी म्हटलं, होईल. फोनमधून बाबांचा श्वास ऐकू येत होता. दोन शब्दांमध्ये एक श्वास जास्तीचा. मग आईने फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की पहाटेपासून ते उशी भिंतीला टेकवून बसूनच आहेत, आडवं झालं की धाप लागते.

मी केंद्राच्या यंत्रणेतून माझ्या मोबाइलवर चाचणीचा फोन लावला. ध्वनिमुद्रित केलेला माझाच आवाज आला. मजकूर शेवटपर्यंत ऐकला, एक दाबलं. ‘नोंद झाली.’ काकांच्या फोनवर लावला. त्यांची कंपनी वेगळी. तो फोनही मीच कानाला धरला, शेवटपर्यंत ऐकलं, एक दाबलं. ‘नोंद झाली.’ खालच्या हार्डवेअरवाल्याचा साधा बटणांचा फोन मागून आणला. ‘नोंद झाली.’ आठ वेळा लावला, आठही वेळा झाली. मी लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद, उघडून बसले. पाकीट येतंय, आकडा बरोबर, दोनदा मोजला जात नाहीये, सुराची लांबी ठीक. सगळं जागेवर होतं आणि तरी अकरा माणसं जागेवर नव्हती. बिघाड सापडला की माणूस घाबरायचं थांबतो. मला तो सापडतच नव्हता आणि घड्याळात एक वाजला होता.

ज्या कंपनीकडून आम्ही लाइन घेतो तिच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडचा माणूस शांत होता.

“मॅडम, हमारी तरफ से सब क्लियर दिख रहा है.”

“रूट बदला है क्या आपने? कल रात को?”

“नहीं मॅडम. आपके यहाँ कुछ चेंज हुआ क्या?”

“नहीं,” मी म्हटलं. ठामपणे म्हटलं.

सिस्टर म्हणजे केंद्रातल्या मुख्य परिचारिका. त्यांना कळवणं भाग होतं. त्या सात यंत्रांमध्ये एकट्या धावत होत्या, मागे कुठलासा भोंगा वाजत होता.

“मी एकेकाला फोन करून विचारते ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हाताने नोंदवून टाका. आणि ऐका, तुमच्या बाबांचं सोमवारी वजन तीन किलो जास्त भरलं होतं. त्यांचा गुरुवार चुकवू नका.”

मी सचिवांना फोन लावला. अकराही नावं हाताने नोंदवायची परवानगी मागितली.

“मॅडम, नियम तुमचा आहे,” ते म्हणाले. “माणसाचा हात लागणार नाही, असं तुम्हीच छापलं. आमच्या दारात उभं राहून वाटलं.”

“चूक यंत्राची आहे. पेशंटनी बटण दाबलंय.”

“कशावरून?”

मी तोंड उघडायच्या आत ते पुढे बोलले.

“त्या अकरांत खरंच न येणारे किती, तुम्हाला माहीत आहे? रोज दोन-तीन तरी असतात. आणि प्रतीक्षा यादीवाल्यांना मी काय सांगू, हाताने नोंदवलं म्हणून? तुम्ही यंत्र दुरुस्त करा. चारपर्यंत वेळ आहे.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते. ते माझंच पत्रक मला वाचून दाखवत होते आणि त्यात त्यांनी एक शब्दही बदलला नव्हता.

काकांनी माझ्यासमोर चहा ठेवला. “पी. तोंड कसं झालं पाह्य तुझं.”

“काका, सगळं बरोबर आहे. मग काहून होऊन नाही राहिलं?”

“तुले ऐकू येते ते बरोबर आहे,” काका म्हणाले. “त्याइले काय ऐकू येते ते तू कुठं पाहिलं?”

तेव्हा मला ते वाक्य नुसतं म्हाताऱ्या माणसाचं वाटलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. बाबा. ते स्वतःहून फोन करत नाहीत. नंबर लावायला आईला सांगतात. या वेळी त्यांनी स्वतः लावला होता.

“झालं का वं?”

“होऊन राहिलं, बाबा.”

“तुह्याच हातात आहे ना ते सगळं?”

“हो.”

मग पलीकडून नुसता श्वास.

“टाकून दे ना मग माझं नाव. हातानं.”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. ‘बघते’ म्हटलं असावं. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या ओळखीने रेशनचं तेल घेतलं नाही, माझ्या शाळेच्या प्रवेशाला नगरसेवकाची चिठ्ठी आणणाऱ्या मावशीला दारातून परत पाठवलं, त्याने हे मागितलं होतं, आणि मागताना आवाज खाली घेतला होता, शेजारी कुणी ऐकू नये तसा. त्या आवाजानेच मला समजलं की श्वास किती कमी पडतो आहे.

चाचणीसाठी माझ्या लॉगिनमधून कुठल्याही नावापुढे ‘१’ लिहिता येतं. हे सचिवांना माहीत नव्हतं, सिस्टरांना माहीत नव्हतं. अकरा नावं हाताने भरली असती तर लगेच कळलं असतं. एक कुणाला दिसलं नसतं.

दोन वाजून अकरा मिनिटांनी मी सातव्या नावापुढे ‘१’ लिहिलं.

काका शेजारच्या खोलीत होते. कुणी पाहिलं नाही. तरीही मी संगणकाचा पडदा बंद करून उठले आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. हे मी आज लिहिते आहे तेव्हा नाटकी वाटतं, पण हात धुतले खरे. उरलेल्या दहांपैकी दोघांना मी नीट ओळखत होते. एक शाळेतला शिपाई, एक वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या करणारी बाई. त्यांच्या पायांवरची सूज कुणी दाबून पाहत असेल का, असं मनात आलं. कारण मी बाबांचे पाय पाहायला निघाले होते. ऑफिसात बसवेना. काकांना म्हटलं, बाबांचा फोनच तपासून येते, कदाचित त्या फोनचीच बटणं गेली असतील. हे काही अगदीच खोटं नव्हतं. मला काहीतरी करताना दिसायचं होतं, निदान स्वतःला.

स्कूटरने घर दहा मिनिटांवर आहे. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. शेजारी त्यांची मोजून पाणी प्यायची बाटली. तिच्यावर आईने पेनाने रेघा मारल्या आहेत, सकाळची, दुपारची, संध्याकाळची. बाटली दुपारच्या रेघेच्या खाली गेली होती. मी पायाशी बसून घोट्याजवळ अंगठा दाबला. उचलला तर खड्डा तसाच राहिला. मी मनात मोजायला लागले आणि वीसला थांबले.

“झालं?” बाबांनी विचारलं.

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच ठरवता आलं नाही.

“तुमचा फोन पाहू द्या. काकांना सांगते, इथे एक चाचणीचा फोन लावतील. सकाळी जसं केलं तसंच करा. मी मधे बोलणार नाही.”

फोन वाजला. बाबांनी हिरवं बटण दाबलं. स्पीकरवर माझा आवाज आला, “नमस्कार, हा फोन तुमच्या...” आणि बाबांच्या अंगठ्याने एक दाबलं. टचकन सूर वाजला. पुढच्याच क्षणी त्यांनी लाल बटण दाबून फोन उशीवर ठेवला. सगळं मिळून चार सेकंद.

“झालं,” बाबा म्हणाले.

“बाबा, तुम्ही ऐकलंच नाही.”

“काय ऐकाचं? पंधरा दिवस झाले तेच ऐकून राहिलो. एक दाबाचं, हे मले माहीत नाही का?”

“पण मजकूर कालपासून नवीन आहे.”

“असन,” बाबा म्हणाले. “दाबाचं तं एकच आहे ना.”

मी पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. अंगात ऊन उतरावं तसं एकेक आठवायला लागलं.

मंगळवारी संध्याकाळी मी नवा मजकूर वाचून भरला होता. आधीचा दोन वाक्यांचा होता. नव्यात मी सगळं घातलं: ही जागा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, कुणी तुमचं नाव हटवलं तर कुठे तक्रार करायची, प्रतीक्षा यादीतल्या माणसाचाही तेवढाच हक्क आहे म्हणून येणार नसाल तर दोन दाबा. चांगला मिनिटभराचा झाला. काका तेव्हा दारात उभे राहून ऐकत होते. “फोनवर सभा घेऊन राहिली का वं?” असं म्हणून हसत घरी गेले होते. आणि ते गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. एका आजोबांनी आदल्या आठवड्यात घाईत दोन दाबलं होतं आणि त्यांची जागा गेली होती. कुणी अर्धवट ऐकून बटण दाबू नये, प्रत्येकाने आपला हक्क आधी पूर्ण ऐकावा, म्हणून मी सेटिंगमधली एक खूण काढून टाकली. बोलणं चालू असताना यंत्राने बटण ऐकायचं की नाही, याची ती खूण होती. ती काढली की मजकूर संपेपर्यंत यंत्र काहीच ऐकत नाही. सूर येतो, पाकीट येतं, आकडा बरोबर असतो, आणि यंत्र कान बंद करून उभं असतं, मालकिणीचं भाषण संपायची वाट पाहत.

पूर्ण वाचल्याशिवाय टाकू नका.

मदतकक्षातल्या माणसाने विचारलं होतं, तुमच्याकडे काही बदललं का. मी नाही म्हटलं होतं. मजकूर आणि खूण बदलणं मी बिघाडात धरलंच नव्हतं. आणि आठही चाचण्या मी स्वतः केल्या, आठही वेळा कौतुकाने शेवटपर्यंत ऐकल्या. माझं बोलणं इतकं मन लावून ऐकणारे शहरात माझ्याशिवाय तिघंच होते. त्या तिघांचीच सकाळी नोंद झाली होती.

काकांना फोन लावला तेव्हा पावणेतीन झाले होते.

“काका, माझ्या लॉगिनमधून सेटिंग उघडा. बोलणं चालू असताना बटण, ती खूण परत लावा.”

“लावली,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “बस, एवढंच?”

“एवढंच. आणि जुना दोन वाक्यांचा मजकूर लावा.”

“सभा बरखास्त का?”

“हो, काका.”

“आता राहिलेल्या दहाही लोकाइले परत फोन सोडतो.”

“बाबांनाही सोडा,” मी म्हटलं.

सातव्या नावापुढचा ‘१’ काकांना दिसत असणार, आणि वेळही, आणि कुणाच्या लॉगिनमधून ते. त्यांनी विचारलं नाही. “सोडतो,” एवढंच म्हणाले.

बाबांचा फोन वाजला. नमस्कार म्हणताच अंगठा. यावेळी त्यांचं बोट लाल बटणावर जाण्याआधी मी त्यांचा हात धरला. डावा हात, ज्यात डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या आहेत, ज्याच्यात कायम घरघर चालू असते. माझ्या बोटांखाली ती घरघर लागत होती आणि स्पीकरवरून माझाच आवाज म्हणाला, “नोंद झाली.”

“हे असं म्हणते का शेवटी?” बाबा म्हणाले. “मले माहीतच नव्हतं.”

पुढच्या पंधरा मिनिटांत आणखी नऊ नोंदी आल्या. एक फोन बंद होता. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बाईंचा. तीन वीस, तीन चाळीस, तीन पन्नास. काकांनी तीनदा लावून पाहिला. चार वाजता यादी बंद झाली आणि त्यांची जागा रामटेकजवळच्या एका माणसाला गेली.

मी स्वतःला समजावलं की त्या येणारच नसतील. रोज दोन-तीन असतात.

गुरुवारी सकाळी सातला बाबांना आत यंत्राजवळ सोडून मी बाहेर आले, तर त्या बाई बाकावर बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेली चादर, कारण रक्त बाहेर फिरत असताना थंडी वाजते. त्यांच्या पलंगावर तो माणूस होता. त्याला सुया टोचून झाल्या होत्या.

“मी तं दाबलं होतं बाई,” त्या मला म्हणाल्या. फोनची व्यवस्था माझी हे त्यांना माहीत नव्हतं, फक्त येता-जाताची ओळख. “नमस्कार म्हणते न म्हणते तोच दाबलं. मंग मेसमधी फोन बंद करूनच ठेवा लागते, ते मालकीण ओरडते. हे पाहा ना.”

त्यांनी फोन पुढे केला. ‘१’च्या बटणावर कणीक वाळून बसलेली होती. बाकीची बटणं स्वच्छ होती.

सचिव नऊला आले. तोवरचे दोन तास कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. मी त्या बाईंच्या शेजारी बसून होते आणि त्यांचे पाय पाहायचं टाळत होते. सचिव आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. मजकूर, खूण, बंद कान. त्यांनी ऐकून घेतलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण यादी बंद आहे. दुपारची पाळीही भरली. हाताने नोंद आपण करत नाही.”

“काल झाली आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“हाताने नोंद. दोन वाजून अकरा मिनिटांनी. माझ्या बाबांची. मी केली. नंतर त्यांनी बटणही दाबलं, पण आधी मी हाताने केली. लॉगमध्ये आहे, मी खोडलेली नाही.”

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता ते हसतील. त्यांना हसायचा हक्क होता.

“मग माझ्या वहीत आणि तुमच्या यंत्रात काय फरक राहिला, मॅडम?”

“मी ते सांगितलं, हा फरक. आणि आज या बाईंची नोंदही हातानेच करावी लागेल, सगळ्यांसमोर. तिसरी पाळी लावावी लागेल. चूक त्यांची नाही.”

सिस्टर दाराशी उभ्या होत्या. “माझी ड्युटी चारला संपते,” त्या म्हणाल्या. सचिव त्यांच्याकडे वळले तशा त्या पुढे म्हणाल्या, “मी थांबते. पण लिहून द्या. यांनी उद्या पुन्हा नियम छापला तर मी अडकायची.”

म्हणून मी लिहून दिलं. केंद्राच्याच कागदावर, पेनाने, मोठ्या अक्षरात. यंत्रातली चूक माझी होती. त्यामुळे बटण दाबूनही अकरा जणांची नोंद झाली नाही. एक नाव मी लपून हाताने टाकलं. आज एक नाव उघडपणे हाताने टाकत आहोत.

आत बाबा यंत्राला जोडलेले होते. चेहरा जरासा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती. श्वास एकेरी झाला होता. मी कागद त्यांच्यासमोर धरला. ते वाचताना ओठ हलवतात, खिळे जुळवायची सवय.

“लहान झालं,” ते म्हणाले.

“पुरे आहे.”

“टाक म्हणून मीच म्हटलं होतं तुले. ते काहून नाही लिहिलं?”

“ते कशाला, बाबा.”

“लिही.”

“लोक वाचतील.”

“वाचाले नाही तं कशाले लिहितेस वं?”

मी शेवटी आणखी एक ओळ लिहिली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि डोळे मिटले.

कागद मी बाहेर फळ्यावर लावला. पोळ्या करणाऱ्या बाई पिशवी काखेत घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत, शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. त्या वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“म्हणजे आता रविवारी फोन आला,” त्या म्हणाल्या, “अन् मी नमस्कारालेच दाबलं, तं चालते ना?”

“चालते,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी पावणेदहालाच मी लॉग उघडून बसले होते.